लॉजची चॅरिटी नीट कशी चालवायची: पिशवी, वही आणि कुबड्यांचं कपाट

आधी एक क्लिअर करतो, इथे लॉज म्हणजे रात्री मुक्कामाला खोली मिळते ते लॉज नाही. फ्रीमेसन, ऑड फेलोज, एल्क्स, मूस असे जे बंधुसंघ आहेत त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. सभासद एकमेकांना ब्रदर म्हणतात, महिन्यातून एकदा-दोनदा भेटतात, वर्गणी भरतात, विधी होतात, एकत्र जेवण होतं, आणि प्रत्येक मिटिंगच्या अजेंड्यावर खाली कुठेतरी चॅरिटी असा एक शब्द असतो. त्या एका शब्दाचं पुढे काय करायचं याच्यासाठी हे लिहितोय. मी आमच्या लॉजमध्ये आधी चॅरिटी स्टुअर्ड होतो, मग अल्मोनर झालो, म्हणजे आधी पैसे गोळा करायचं काम केलं आणि नंतर माणसांची विचारपूस करायचं, आणि दोन्ही केल्यावर माझं ठाम मत झालंय की लॉजकडे पैसा कमीच असतो पण एक गोष्ट बाकी कुणाकडे नसते ती असते, ती म्हणजे वर्षानुवर्षं ठरलेल्या दिवशी न चुकता एका जागी येणारी वीस-पंचवीस माणसं. सगळं प्लॅनिंग त्या येण्यावर करायचं. पैशावर केलंत तर दोन वर्षांत दमाल.

सुरुवात स्वतःच्या घरातून

नवीन उत्साही मास्टर, म्हणजे लॉजचा त्या वर्षीचा प्रमुख, खुर्चीत बसला की पहिला प्रश्न असतो, यंदा समाजासाठी काय मोठं करायचं. मी म्हणतो थांबा जरा. आपल्यातला कोण आजारी आहे, कोण गेला, त्याच्या घरी आता कोण आहे, हे आधी बघा. हे संघ निघालेच मुळात याच्यासाठी. थॉमस वाइल्डीने २६ एप्रिल १८१९ ला बाल्टिमोरमध्ये ऑड फेलोजचं लॉज सुरू केलं, अमेरिकेतला आजचा संघ तिथूनच वाढला, आणि त्या संघाने सभासदांना सांगितलेली कामं चारच, आजाऱ्याला भेटा, अडलेल्याला मदत करा, मेलेल्याला मूठमाती द्या, अनाथाला शिकवा. त्या काळात विमा, पेन्शन असलं काही कामगाराच्या वाट्याला नव्हतं, कमावता माणूस अंथरुणाला खिळला की घर पंधरा दिवसांत उघड्यावर, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं टाकून ठेवायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने घ्यायचं. एल्क्सची गोष्ट तशीच. न्यूयॉर्कमधली नाटकवाली मंडळी, जॉली कॉर्क्स नावाने नुसती मजा करायला जमायची, १८६७ च्या शेवटी त्यांच्यातला एकजण वारला आणि बायकोमुलांकडे काहीच नव्हतं, ते बघून मंडळी हलली आणि १८६८ मध्ये त्या टोळक्याचा रीतसर संघ झाला. १८८२ ला न्यू हेवनमध्ये निघालेले नाइट्स ऑफ कोलंबस, तिथेही कमावता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या कुटुंबाचं काय हीच काळजी होती.

तर पहिलं काम म्हणजे वही. ॲप नको, एक्सेल नको असं नाही म्हणत, पण निदान पहिल्या वर्षी वहीच घ्या, कारण वही हातात घेऊन बसलं की फोन होतो, फाइल नुसती सेव्ह होते. प्रत्येकाला एक पान. सत्तरीच्या वरचे ब्रदर, आजारी ब्रदर, जे मिटिंगला यायचे बंद झालेत ते, आणि गेलेल्या ब्रदरांच्या बायका. या शेवटच्या यादीत सगळ्यात जास्त भोकं असतात, आमच्याही होती. आमचा एक जुना ब्रदर गेला, अंत्यविधीला आख्खं लॉज हजर, खांदा द्यायला माणसं जास्त झाली, सगळ्यांनी वहिनींना सांगितलं काही लागलं तर हक्काने सांगा. पुढे दोन वर्षं कुणी फोन केला नाही. मी अल्मोनर झाल्यावर केला तर त्या पहिलं वाक्य काय बोलल्या, "नंबर आहे का अजून तुमच्याकडे?" त्यात राग नव्हता, खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून "काही लागलं तर सांगा" हे वाक्य मी बंद केलं, तुम्हीपण करा. कुणीच सांगत नाही. माणूस ओशाळतो. त्याऐवजी उत्तर देता येईल असं विचारा. पुढच्या चेकअपला कोण नेणार आहे? रात्री घरात कोण असतं सोबतीला? बँकेतलं नाव बदलून झालं का, की पेन्शनचा कागद अडकलाय? माळ्यावरचं सामान काढायचंय का काही? असं विचारलं की समोरचं माणूस दोन मिनिटं नाही-नाही म्हणतं आणि मग हळूच सांगतं की बाथरूममध्ये धरायला काही नाही, परवा पाय घसरला होता. झालं, शनिवारी दोन ब्रदर ड्रिल मशीन घेऊन जातात, भिंतीला दांडी बसवतात, चहा पिऊन येतात. त्याला ठराव नको आणि बजेटही नको.

वहीत तारीख, काय बोलणं झालं ते एका ओळीत, आणि पुढचा फोन कधी ते लिहायचं. पुढची तारीख टाकल्याशिवाय पान बंद करायचं नाही, हा माझा एकच कडक नियम आहे. गेलेल्या ब्रदरच्या घरी पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग सहा महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा. पहिल्या महिन्यात तसेही सगळे येत असतात, खरी गरज चौथ्या-पाचव्या महिन्यापासून लागते जेव्हा घर रिकामं होतं आणि लोकांना वाटतं आता सावरल्या असतील.

पिशवी आणि हिशोब

बऱ्याच मेसॉनिक लॉजमध्ये मिटिंगमध्ये किंवा जेवणानंतर एक कापडी पिशवी फिरते, तिला चॅरिटी बॅग म्हणा किंवा काहीही. ती कापडाची आणि खोल असते त्याचा मला फायदा हा दिसतो की मूठ आत जाते आणि बाहेर येते, कुणी किती टाकलं ते शेजारच्याला कळत नाही, ज्याने काहीच टाकलं नाही तेही कळत नाही. हे जपा. आजकाल क्यूआर कोड लावतात, लावा ना, पण मग कुणी किती दिले त्याची लिस्ट ग्रुपवर टाकू नका, एखाद्या ब्रदरची स्वतःचीच नोकरी गेलेली असते आणि ती लिस्ट बघून तो मिटिंगला यायचाच बंद होतो. मग ज्याला मदत हवी तोच तुटला.

हिशोबाचं मात्र बोलायला लाजायचं नाही. चॅरिटीचे पैसे आणि लॉजचे पैसे दोन वेगळ्या खात्यांत. वर्गणीतून भाडं, लाइटबिल, जेवण, विधीचं सामान, आणि पिशवीतून आलेलं, देणगीतून आलेलं, कार्यक्रमातून आलेलं ते फक्त मदतीला, छताला गळती लागली तरी तिकडून काढायचं नाही, "नंतर परत टाकू" म्हणून तर अजिबात नाही. दोन सह्या लागल्या पाहिजेत आणि त्या दोघांत नातं नको. मोजणी दोघांनी मिळून, तिथेच, त्याच रात्री, आकडा लिहून दोघांच्या सह्या. खजिनदारावर अविश्वास म्हणून हे करत नाही आपण, उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याच्या हातात कागद असावा म्हणून करतो.

आणि बाहेरच्यांकडून देणगी घेण्याआधी आपल्या देशातला कायदा एखाद्या जाणकार अकाउंटंटकडून समजून घ्या, कारण लॉज चांगलं काम करतं म्हणजे ते कायद्याच्या नजरेत धर्मादाय संस्था असतंच असं नाही. अमेरिकेत बंधुसंघांची करातली कलमं वेगळी आहेत, ५०१(सी)(८) आणि ५०१(सी)(१०), आणि अशा लॉजला दिलेली देणगी करातून वजा होते ती फक्त धर्मादाय कामाला वापरायची असेल तरच, म्हणून बरीच लॉजेस बाजूला एक ५०१(सी)(३) ची, म्हणजे कायद्याने धर्मादाय असलेली, फाउंडेशन काढतात. इंग्लंडमध्ये मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन आहे, २०१६ मध्ये चार जुन्या मेसॉनिक संस्था एकत्र करून काम सुरू झालं, तिथे लॉजला आपली रिलीफ चेस्ट उघडता येते, म्हणजे पैसे ठेवायला एक धर्मादाय खातंच, आणि करदात्याने गिफ्ट एड या सरकारी योजनेत दिलं तर प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून २५ पेन्स वाढून येतात. नुसता फॉर्म भरला नाही म्हणून हे पैसे सोडून देणारी लॉजेस असतील तर मला वाईट वाटतं, ते पैसे कुणाच्या तरी औषधाचे असतात.

मदत कुणाला द्यायची हे ठरवायला तीनच माणसांची छोटी कमिटी ठेवा. पंचवीस जणांसमोर एखाद्याच्या घरची अडचण वाचून दाखवायची नाही. मिनिट्समध्ये नाव न घालता "एका कुटुंबाला, इतके" एवढंच, पावती आणि अर्ज सीलबंद पाकिटात सेक्रेटरीकडे. आणि उत्तर लवकर द्या. माणूस मागायला येतो तोपर्यंत त्याने आधी दहा जागा फिरून झालेल्या असतात, त्याला पुढच्या मिटिंगपर्यंत थांबा असं सांगणं म्हणजे अकरावी जागा होणं. आम्ही एक छोटी रक्कम ठरवून ठेवलीय, तेवढी अल्मोनर मास्टरशी फोनवर बोलून त्याच दिवशी देऊ शकतो, कमिटीची मंजुरी मागाहून घेतली तरी चालते. शक्यतो रोख हातात न देता थेट बिल भरा, शाळेची फी शाळेत, भाडं घरमालकाला. पण हा नियम पण डोळे झाकून लावू नका, कधीकधी माणसाला हातात थोडे पैसे असण्याचीच गरज असते, आणि त्याच्यावर तेवढा विश्वास टाकावा.

बाहेरची सेवा: आधी विचारा, मग द्या

इथे आमची मोठी चूक सांगतो. एका शाळेला आम्ही कॉम्प्युटर दिले. समारंभ, हार, फोटो, भाषण, सगळं झालं. वर्षाने सहज गेलो तर अर्धे खोक्यातच, कारण त्या खोलीत पुरेसे प्लग पॉइंटच नव्हते आणि शिकवायला कुणी नव्हतं. बाई अगदी संकोचून म्हणाल्या की आम्हाला खरं तर चष्मे हवे होते, मागच्या बाकावरच्या कितीतरी मुलांना फळा दिसत नाही. आम्ही देण्याआधी एकदाही विचारलं नव्हतं. दोष शाळेचा नव्हता हो, आम्हाला कॉम्प्युटर द्यायला आवडत होतं म्हणून दिले.

म्हणून आता आमची पद्धत अशी की दोघेजण जातात, हात हलवत, काहीही न देता, आणि जे रोज तिथे राबतात त्यांच्याशी बोलतात. मुख्याध्यापकांशी बोलाच पण शिपायाशीपण बोला, वॉर्डातल्या नर्सशी बोला, वृद्धाश्रमात स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी बोला. प्रश्न एकच, रोज काय अडतं? आणि उत्तर मिळालं की स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या, हे आपण तीन वर्षं सलग करू शकतो का, पैशाबरोबर आपली माणसं त्यात जाऊ शकतात का, आणि आपण थांबलो तर त्यांचं आधीपेक्षा वाईट होईल का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर लेखी ठरवा की बंद करायचं झाल्यास किती महिने आधी सांगणार.

एकच विषय धरून बसण्यात किती ताकद असते बघायचं असेल तर श्रायनर्स बघा, मेसनांमधूनच निघालेला संघ, त्यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत श्रीव्हपोर्टला मुलांचं हॉस्पिटल काढलं, पोलिओने पाय गेलेल्या मुलांसाठी, आणि अजून मुलांच्याच उपचारात आहेत. मूसवाल्यांनी १९१३ मध्ये इलिनॉयमध्ये मूसहार्ट काढलं, वारलेल्या सभासदांच्या मुलांसाठी आख्खं गावच म्हणा ना, घरं, शाळा, सगळं. लायन्स हे लॉज नाही, सर्व्हिस क्लब आहे, पण १९२५ मध्ये हेलन केलरने, जी स्वतः आंधळी आणि बहिरी होती, त्यांच्या अधिवेशनात येऊन आंधळ्यांसाठी उभे राहा असं सांगितलं आणि तेव्हापासून डोळे हा विषय त्यांनी सोडला नाही. आपलं लॉज काय हॉस्पिटल काढणार नाही, पण एक विषय तर धरू शकतं. दर वर्षी नवीन मास्टर नवीन विषय, हा प्रकार बंद करा, नवीन मास्टरला पाटी बदलायचा मोह होतो, तो मी समजू शकतो, पण ज्यांना सवय लागलेली असते त्यांचं काय.

आता आमचं कपाट, कारण कुठल्याही छोट्या लॉजला हे मी पहिलं सुचवेन. परदेशातली कितीतरी ऑड फेलोज आणि मेसॉनिक लॉजेस हे करतात, आजारी माणसाला लागणारं सामान वापरायला द्यायचं आणि बरं झालं की परत घ्यायचं. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड चेअर, पलंगाला लावायचं टेबल. पाय मोडलेल्या माणसाला कुबड्या सहा आठवडे लागतात आणि मग त्या वीस वर्षं माळ्यावर पडून राहतात. म्हणजे सामान लोकांच्या घरात ऑलरेडी आहे, तुम्हाला फक्त मागायचंय. आम्ही नवीन अगदी थोडं घेतलं, बाकी सगळं सभासदांच्या आणि ओळखीच्यांच्या माळ्यांवरून आलं.

पण सामान आलं तसं पुढे द्यायचं नाही. कुबडीच्या टोकाचं रबरी बूच बघा, झिजून गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर ती कुबडी म्हणजे घसरगुंडी, बूच बदलल्याशिवाय कपाटात ठेवायचीच नाही. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावून ढकलून बघा, हलली तर नाही द्यायची. पुढच्या लहान चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, कात्रीने काढा. पाय ठेवायच्या पट्ट्यांचे स्क्रू आवळा. कमोड चेअर जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवा, नुसती पुसू नका. देताना उंची जुळवून द्या, माणूस हात खाली सोडून सरळ उभा राहिल्यावर कुबडीची धरायची मूठ साधारण मनगटाच्या रेषेत यावी, कुबडी बगलेत रुतता कामा नये, काखेपासून दोन-तीन बोटं खाली हवी, वजन तळव्यावर घ्यायचं हे स्वतः करून दाखवा. नीट जमतंय का ते फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या असंही सांगा. आमच्यात एक रिटायर्ड फिटर ब्रदर आहेत, ते मिटिंगमध्ये फारसं बोलत नाहीत, भाषणाला उभं केलं तर घाम फुटतो त्यांना, पण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि त्यांच्या हातून एकही डुगडुगती खुर्ची बाहेर गेलेली नाही. प्रत्येक लॉजमध्ये असा एक माणूस असतोच, त्याला शोधा.

प्रत्येक वस्तूवर रंगाने नंबर, रजिस्टरमध्ये नाव, फोन, नेल्याची तारीख, अंदाजे परतीची तारीख. डिपॉझिट आम्ही घेत नाही, कारण ज्याला खरंच लागतं तोच डिपॉझिट ऐकून परत जातो. थोड्या वस्तू परत येत नाहीत, ते धरूनच चालायचं. परतीच्या तारखेला फोन करताना आधी तब्येत विचारायची, वस्तूचं नंतर. कारण कधीकधी पलीकडून उत्तर येतं की ते गेले, आणि अशा वेळी खुर्चीचं विचारणारा पहिला माणूस तुम्ही असता कामा नये. "घाई नाही" म्हणायचं आणि महिनाभराने स्वतः जाऊन आणायची.

बाकी थोडं थोडं

पैसे उभे करायला कार्यक्रम करणार असाल तर आधी खर्च कागदावर मांडा, हॉल, जेवण, छपाई सगळं जाऊन हातात किती उरणार ते. उरणारं फार थोडं असेल तर सरळ पिशवी दोनदा फिरवा, मेहनत वाचेल. वरच्या संघटनेकडे ग्रांट असते का ते विचारा, एल्क्सची नॅशनल फाउंडेशन १९२८ पासून आहे आणि ती स्थानिक लॉजेसना त्यांच्या भागातल्या कामासाठी पैसे देते, तुमच्या संघातही काहीतरी असेलच, कितीतरी वेळा अर्जच येत नाहीत. मॅचिंग ग्रांट असेल, म्हणजे तुम्ही जेवढे जमवाल तेवढे ते घालणार, तर आधी मंजुरी मग खर्च, उलट केलंत तर पैसे गेले.

मुलांबरोबर किंवा असहाय माणसांबरोबर काम असेल तर कुठलाही ब्रदर एकटा कुणाबरोबर खोलीत बसणार नाही, कायम दोघं, आणि जिथे पोलीस पडताळणी लागते तिथे ती करूनच जायचं. मास्टर असो की पन्नास वर्षांचा जुना सभासद. कुणी म्हणेल आमच्यावर संशय घेता का, तर शांतपणे सांगा की नियम सगळ्यांना सारखा. याच्यात तडजोड नाही.

फोटोचं मी भांडून भांडून करून घेतलंय. काम करणाऱ्यांचा फोटो काढा, रंगवलेल्या भिंतीचा काढा, कपाटाचा काढा. हात पसरलेल्या माणसाचा नाही. मदत घेणाऱ्याने हो म्हटलं तरी नाही, कारण त्या क्षणी तो नाही म्हणू शकत नसतो. लोकांना लॉज म्हटलं की बंद दाराआड काय चालतं असं कुतूहल आणि संशय असतो, त्यामुळे आपलं काम दिसावं असं वाटणं चूक नाही, मलाही वाटतं, पण ते वर्षाचा हिशोब छापून दाखवा, किती आले, कुठे गेले, किती तास काम झालं. एखाद्या म्हातारीचा चेहरा दाखवून नको.

शेवटचं म्हणजे हस्तांतरण, इथे हमखास सगळं सांडतं. पदाधिकारी दरवर्षी बदलतात आणि नव्याच्या हातात कॉलर, म्हणजे गळ्यात घालायची पदाची पट्टी, येते, वही येत नाही. अल्मोनर तरी निदान तीन-चार वर्षं तोच ठेवा. बदलायचाच झाला तर पदग्रहणाच्या आधी महिनाभर जुना आणि नवा दोघांनी मिळून वहीतल्या प्रत्येक पानावर एक फोन करायचा, स्पीकरवर, जुन्याने ओळख करून द्यायची, "वहिनी, पुढच्या महिन्यापासून हे फोन करतील, आवाज ओळखून ठेवा," मग नव्याने स्वतः बोलायचं, स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहायची आणि पुढची तारीख टाकायची.